स्क्रोल लॉकखालचा स्विच

माणसं खोटं बोलतात आणि जुने कीबोर्ड विकणारी माणसं जरा जास्तच बोलतात. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण त्यावरच माझं पोट चालतं. ‘मूळचा माल आहे, हातसुद्धा लागलेला नाही’ असं म्हणत कुणीतरी कुणाच्या तरी गळ्यात एखादं डबडं बांधतो. घेणाऱ्याच्या मनात घरी गेल्यावर पाल चुकचुकते आणि मग तो माझ्या दारात येतो. मी कळीवरची टोपी उपटते, खालचा स्विच बघते आणि सांगते की हा कुठला, कधीचा, आणि जन्मापासून इथेच आहे की मागाहून आणून बसवलेला.

त्यातही निनावी स्विच म्हणाल तर माझ्याकडेच. जुन्या काळी असे कितीतरी कारखाने होते ज्यांनी आपल्या स्विचवर नावच घातलं नाही. बनवले, विकले आणि बंद पडले. आता त्यांना ओळखायचं ते दांडीच्या आकारावरून, डबीच्या खाचांवरून, खालच्या पायांवरून आणि आवाजावरून. लोक फोटो पाठवून विचारतात, ‘फोटोवरून सांगा ना.’ मी सांगत नाही. फोटोत सगळेच देखणे दिसतात.

माझा नवरा त्याच खोलीत पलीकडच्या टेबलावर प्रिंटर दुरुस्त करतो. त्याचं म्हणणं, लग्न ठरवताना मी त्यालाही उलटा करून खालचा नंबर वाचला होता. मी म्हणते, वाचला असता तर बरं झालं असतं. आमचं हे असंच चालतं.

ती बाई आली तेव्हा दुपारचा चहा नुकताच झाला होता. चाळिशी ओलांडलेली, अंगात ऑफिसचे कपडे, काखेत टॉवेलात गुंडाळलेला कीबोर्ड. विकायला आणणारे लोक खोक्यातून आणतात, जीव जडलेले टॉवेलातून. तिने तो माझ्यापुढे ठेवला, खुर्चीकडे बघितलंसुद्धा नाही.

“हा बदललेला आहे का, एवढंच मला सांगा,” ती म्हणाली.

“कुणी बदललेला?”

“ते मी बघून घेईन.”

असं बोलणाऱ्या माणसाला बसवावं लागतं. मी बसवलं, पाणी दिलं, आणि मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिचे वडील वर्तमानपत्रात टाइपसेटिंगला होते. तिथला तो विभाग बंद झाला तेव्हा जुनी यंत्रं भंगारात निघाली आणि वडिलांनी आपल्या हाताखालचा कीबोर्ड तेवढा मागून घेतला. एका ओळखीच्या इंजिनिअरकडून तो घरच्या संगणकाला जोडून घेतला. निवृत्तीनंतर भाषांतरं करू लागले, तीही त्याच्यावरच. मग दृष्टी अधू होत गेली. अलीकडे ऑपरेशन केलं, पण त्यात होती नव्हती तेवढीही गेली.

“आता सगळं बोटांवर चालतं,” ती म्हणाली. “ते टाइप करतात, संगणक वाचून दाखवतो. पण हॉस्पिटलमधून घरी आल्या दिवसापासून म्हणतायत, हा माझा कीबोर्ड नाही. आकार तोच, टोप्या त्याच, पण हा माझा नाही.”

“घरात आणखी कोण असतं?”

“वहिनी.” तिने तो शब्द ओठांच्या टोकावरून खाली टाकला. “माझा भाऊ गेला. तेव्हापासून ती आणि बाबा, दोघंच. पुलाजवळ राहतात. चष्म्याच्या दुकानावर, आता काय म्हणायचं.”

“वहिनी काय म्हणते?”

“म्हणते, तोच आहे. म्हणते, आजारपणात बाबांची बोटं नाजूक झालीत.” ती जरा पुढे झुकली. “असले जुने कीबोर्ड हौशी लोक वाटेल ती किंमत देऊन घेतात, हे मला माहीत आहे. बाबा हॉस्पिटलमध्ये होते, घरात ती एकटी होती. आंधळ्या माणसाच्या हाताखालची वस्तू जी काढून घेते, तिच्या हाती मी माझे वडील ठेवणार नाही. मी आज त्यांना माझ्याकडे नेणार आहे. बॅग भरलीय.”

“त्यांना यायचंय का?”

“ते म्हणाले, आधी कीबोर्डचं नक्की कर. तो माझा नसेल, तर येतो.”

म्हणजे एका म्हाताऱ्याचं घर माझ्या एका शब्दावर येऊन ठेपलं होतं. मला त्याचं ओझं वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला उत्साह आला. न पाहिलेल्या त्या वहिनीबद्दल माझं मत तयार होऊनही गेलं होतं. माणसाला स्वतःच्याच बोटांबद्दल शंका घ्यायला लावायची, ही ठगांची जुनी तऱ्हा आहे. आमच्या धंद्यातला प्रत्येक लुच्चा हेच म्हणतो: माल चांगला आहे हो, तुमच्याच हाताला सवय नाही.

मी कीबोर्ड दिव्याखाली घेतला. जड, पिवळा पडलेला. टोप्यांवरची अक्षरं बहुतेक पुसली गेली होती, मधल्या रांगेतल्या काही टोप्या तर पायरीसारख्या खोलगट झिजल्या होत्या. टोप्या वडिलांच्याच, यात शंका नव्हती. पण टोप्या काढून दुसऱ्या कीबोर्डवर बसवणं हे दोन घटकांचं काम, ती फसवणुकीची पहिली इयत्ता. मी कीबोर्ड उलटा केला आणि मला हवं होतं ते दिसलं. खालच्या स्क्रूंच्या खाचांमध्ये धातू ताजा चमकत होता. कुणीतरी तो नुकताच उघडला होता, आणि उघडणाऱ्याचा पेचकस मापाचा नव्हता.

“बघा,” मी तिला भिंगातून दाखवलं.

तिने भिंग हातात घेऊन पुन्हा पाहिलं. पलीकडून नवऱ्याने मान वर केली. “धूळ काढायलाही उघडतात लोक,” तो म्हणाला. मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. त्याला सगळं जग धूळ काढतानाच दिसतं.

मग मी इथल्यातिथल्या टोप्या काढून पाहिल्या. सगळीकडे तोच स्विच. काळी डबी, सायीच्या रंगाची दांडी, वर नाव ना गाव. याला मी ओळखत होते. याचा कारखाना कुठला ते आजवर कुणालाच ठाऊक नाही, म्हणून आम्ही जाणकार मंडळी त्याला नुसतं ‘सायवाला’ म्हणतो. वरून सगळे सायवाले सारखे. पण आतली पत्ती, जी टेकली की अक्षर उमटतं, ती आधीच्या मालात अखंड असायची. पुढे त्यांनी ती टोकाशी दुभंगलेली करायला घेतली. कुठला माल आधीचा आणि कुठला नंतरचा ते एवढ्यावरून कळतं.

पत्ती बघायची तर स्विच उघडावा लागतो. जुनं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं, डबीचा कान मोडला की स्विच मेला. म्हणून आमच्या धंद्यात एक रीत आहे. ज्या कळीवाचून कुणाचं अडत नाही, तीच उघडायची. वर उजव्या कोपऱ्यातली स्क्रोल लॉक. तिचा उपयोग काय ते तिला बनवणाऱ्यालाही आता सांगता येणार नाही. आम्ही सगळे डोळे झाकून तीच उघडतो. जगात निनावी स्विचच्या पोटातले जेवढे फोटो फिरतायत, त्यातले निम्मेअधिक स्क्रोल लॉकखालचे असतील.

मी दोन पातळ पाती कानांत सरकवली, डबी उघडली, स्प्रिंग बाजूला घेतली. पत्ती दुभंगलेली होती.

“वडिलांनी हा घरी कधी आणला?”

“माझ्या लग्नाच्याही आधी. मी कॉलेजात होते.”

दुभंगलेली पत्ती त्याच्या बरीच नंतरची. तरी खात्री करावी म्हणून मी शेजारच्या पॉझ कळीचाही स्विच उघडला. तीही दुभंगलेली. दोन साक्षीदार, एकच जबानी. दोघंही एकाच गल्लीत राहणारे आहेत, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

“बदललाय,” मी म्हणाले. “टोप्या तुमच्या वडिलांच्या. खालचा कीबोर्ड त्यांचा नाही.”

तिला आनंद झाला नाही. पण खूप दिवस धरून ठेवलेला श्वास सोडावा तशी ती खांदे पाडून बसली. “मला वाटलंच होतं,” ती म्हणाली. “भाऊ असताना किती गोड बोलायची.” मग उठली, टॉवेलाची घडी घालून पर्समध्ये कोंबली. कीबोर्डला मात्र तिने हात लावला नाही.

“हा राहू दे तुमच्याकडेच. आमचा नाहीच तो.”

ती गेल्यावर नवरा म्हणाला, “त्या वहिनीला एकदा तरी विचारायचं होतंस, तिचं काय म्हणणं आहे ते.”

“चोराला विचारतात का?”

“चोर कोण ते ठरलं वाटतं.”

असल्या वेळी तो फार शांत बोलतो आणि माझा संताप होतो.

पत्ती कुठलीही असो, सायवाला रोज हाती लागत नाही. म्हणून मी त्याचा आवाज नोंदवायला घेतला. हाही आमचा एक शिरस्ता: माइक जवळ ठेवायचा, खोली गप्प करायची आणि एकेक कळ सारख्या जोराने दाबत जायचं. नवऱ्याने आपला प्रिंटर बंद केला. मी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली.

कडेच्या कळा थोड्या ढिल्या, थोड्या खरखरीत वाजत होत्या. वय झालेल्या स्विचचा असाच आवाज असतो. मग मी मधल्या रांगेत आले, त्या खोलगट झिजलेल्या टोप्यांवर, आणि माझा हात थबकला. तिथला आवाज टणक होता. कोरा. मी पुन्हा दाबली. शेजारची न झिजलेली टोपी दाबली, ती खरखरली. परत झिजलेली दाबली, ती टणक.

“म्हाताऱ्याने नेमक्या याच कळा कधी दाबल्या नाहीत वाटतं,” नवरा म्हणाला.

“गप्प बस,” मी म्हणाले आणि कान कीबोर्डजवळ नेला.

जी कळ सगळ्यात जास्त राबली, तिच्याखालचा स्विच सगळ्यात ताजा कसा? दुसऱ्या कीबोर्डवर टोप्या चढवल्या असत्या, तर त्या कीबोर्डची झीजही कुणाच्या तरी बोटांनी झालेली असती, आणि बोटं सगळ्यांची मधल्या रांगेतच जास्त चालतात. हे उलटंच काहीतरी होतं. मी माइक सरकवला, कीबोर्ड पालथा घातला आणि ते ताजे चमकणारे स्क्रू काढले.

जिला स्विचचे पाय सोल्डरने जोडलेले असतात ती पाठीमागची पट्टी समोर आली आणि मला आपल्या दोन्ही कानशिलांत द्याव्याशा वाटल्या. बहुतेक सगळ्या पायांवर कारखान्याचं जुनं सोल्डर होतं, चपटं, काळपट, एकसारखं. आणि दोनच ठिकाणी नवं होतं. मधल्या रांगेतल्या झिजलेल्या कळांखाली, आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात. नवं सोल्डर म्हणजे नुसते गोळे. कुठे जास्त, कुठे कमी, एका ठिकाणी पट्टी भाजून तपकिरी झालेली. हे काम ज्या हाताने केलं होतं, त्याने आयुष्यात पहिल्यांदाच सोल्डरिंग आयर्न धरलं असणार. पण पुढच्यापुढच्या गोळ्यांत ते सुधारत गेलेलंही दिसत होतं.

मी मधल्या रांगेतला एक स्विच उघडला. पत्ती अखंड. मूळचा, वर्तमानपत्राच्या काळातला, आणि जेमतेम वापरलेला. मग कडेचा, ज्याला कुणी हात लावला नव्हता तो एक उघडला. अखंड.

तेव्हा सगळं उलगडलं. कीबोर्ड म्हाताऱ्याचाच होता. मधले स्विच वर्षानुवर्षं बडवून मेले होते. कुणीतरी कोपऱ्यातले न वापरलेले मूळचे स्विच काढून मधे बसवले होते, आणि कोपऱ्यात रिकामी झालेली जागा दुसरीकडून आणलेल्या नंतरच्या मालाने भरली होती. जिथे त्याची बोटं जातात तिथे त्याचंच, जिथे जात नाहीत तिथे परकं. चोर असं करत नाही. चोर मूळचं उचलतो आणि परकं मधे बसवतो.

आणि मी काय केलं होतं? ज्या कोपऱ्यात बोटं जात नाहीत, नेमका तोच कोपरा उघडून निकाल दिला होता.

बाईला फोन लावला. तिने उचलला नाही. परत लावला, तेव्हा कट केला. “स्कूटर काढ,” मी कीबोर्डचे स्क्रू परत लावता लावता नवऱ्याला म्हणाले. तो किल्ली हातात घेऊन आधीच उभा होता, आणि वाटेत एका शब्दानेही त्याने मला टोचलं नाही. त्यामुळे मला जास्तच टोचलं.

पुलाजवळ चष्म्याचं दुकान एकच होतं. नवऱ्याला खाली थांबवून जिना चढून गेले तर दार उघडंच, आणि दारात बॅग. आतल्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत म्हातारा बसला होता. अंगात कोट, पायात बूट, दोन्ही हात मांडीवर पालथे. लेक फोनवर टॅक्सीवाल्याला पत्ता सांगत होती. स्वयंपाकघराच्या दाराला टेकून एक सडपातळ बाई उभी होती, म्हाताऱ्याची सून. ती रडत नव्हती, भांडत नव्हती, नुसती त्या बॅगेकडे बघत होती.

“हा तुमचाच आहे,” मी उंबऱ्यातूनच म्हणाले. “माझं चुकलं. कीबोर्ड बदललेला नाही.”

लेकीने फोन खाली केला. “तासाभरापूर्वी तुम्हीच सांगितलंत.”

“सांगितलं. मी चुकीचा स्विच उघडला होता.”

मी कीबोर्ड म्हाताऱ्याच्या समोरच्या टेबलावर ठेवला आणि जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं. कोपऱ्यातले स्विच मधे, बाहेरचे कोपऱ्यात, सोल्डरचे ते गोळे. बोलताना मी सुनेच्या हातांकडे बघत होते. सवयच ती. तिच्या उजव्या तर्जनीवर भाजल्याचा अजून लालसर डाग होता, अगदी नखाच्या मुळाशी. नवशिके आयर्न फार पुढे धरतात, सगळ्यांचं तिथेच भाजतं.

“तुम्हीच केलंत ना हे?” मी तिला विचारलं.

तिने मान हलवली. मग आपल्याला तोंडाने बोलावं लागणार हे तिच्या लक्षात आलं, कारण खोलीतल्या एकाला मान हलवलेली दिसत नव्हती. “हो,” ती म्हणाली. “मीच.”

“कधी?” लेकीने विचारलं.

“बाबा हॉस्पिटलमध्ये असताना. त्याआधीच कळा मरायला लागल्या होत्या. अक्षरं गळायची. बाबांना वाटायचं, आपणच चुकतोय. मी मागाहून त्यांच्या मजकुरात ती अक्षरं भरून द्यायचे, मग पाठवायचे.” ती माझ्याकडे बघून बोलत होती, कारण घरातल्या दोघांपेक्षा मी सोपी होते. “एक मोडका कीबोर्ड मिळवला. वरून अगदी असाच होता. पण त्याचे स्विच इथे बसवून पाहिले तर दाबताना निराळेच लागायचे. ते यांच्या बोटांखाली चालले नसते. म्हणून याच्यातलेच कोपऱ्यातले घेतले.”

माझ्या मनात तिच्याविषयी कौतुक दाटून आलं. ती दुभंगलेली पत्ती मला भिंगाखाली दिसली होती, हिला नुसत्या बोटाने कळली होती. मी लेकीकडे विजयी नजरेने पाहिलं. झालं, मिटलं, असंच मला वाटत होतं. लेकीचा चेहरा पडला होता, ती काहीतरी मऊ बोलण्याच्या तयारीत होती.

पण सुनेचा चेहरा काही सुटका झालेल्या माणसाचा नव्हता. ती अजूनही दाराला टेकूनच होती आणि आता म्हाताऱ्याकडे बघत होती. माझ्या मनात परत पाल चुकचुकली. हिला आणखी कसली भीती आहे?

म्हाताऱ्याने हात पुढे करून कीबोर्ड चाचपला. बोटं मधल्या रांगेवर आली आणि तिथेच थांबली.

“म्हणजे हे नवे लागतात,” तो मला म्हणाला, “ते मुळात नवेच आहेत म्हणून.”

“न वापरलेले आहेत. हो.”

“म्हणजे माझी बोटं बरोबर होती.”

“अगदी बरोबर होती,” मी म्हणाले. मला वाटलं, मी त्याला काहीतरी देते आहे.

त्याने सुनेच्या दिशेने तोंड वळवलं. “तू म्हणालीस, बोटं नाजूक झाली. मी म्हटलं, असेल. डोळे गेले तसा हात चालला. रोज सकाळी मी गरम पाण्यात बोटं बुडवून बसायचो. ते पाणी कोण आणायचं?”

“मी,” सून म्हणाली.

“कढत आहे का बघून आणायचीस. टॉवेल घेऊन उभी राहायचीस.”

“हो.”

“आणि तुला माहीत होतं.”

खाली रस्त्यावर टॅक्सीने हॉर्न दिला. लेक खिडकीकडे गेली आणि तिथेच थांबली.

“मला भीती वाटली,” सून अखेर म्हणाली. “तुमचा कप जरी जागचा हलला तरी तुम्ही दिवसभर बोलत नाही. त्यात हा मी उघडला, भाजला, यात बाहेरचं काही घातलं हे सांगितलं असतं, तर तुम्ही याला परत शिवला नसता. मग दिवसभर काय केलं असतं तुम्ही? मला वाटलं, होईल सवय चार दिवसांत. चार दिवसांत झाली नाही. मग सांगायची वेळच गेली. रोज वाटायचं, आज सांगू. आणि रोज पाणी तापवायचे.”

“मला दुसरं काय उरलंय गं?” म्हातारा म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणून ऐकवत नव्हतं. “डोळे नाहीत. मुलगा नाही. बोटं होती. तीही खोटी ठरवलीस.”

लेक पुढे आली आणि तिने बॅगेचा पट्टा खांद्याला लावला. मघाचं ते मऊ बोलणं तिने गिळून टाकलेलं दिसत होतं. “चला बाबा.”

मला तिथून नाहीसं व्हावंसं वाटलं. ज्या गोष्टीने सून निर्दोष ठरेल म्हणून मी धापा टाकत जिना चढले होते, तिच्यातच तिचा गुन्हा निघाला होता. आणि तो मी आणून टेबलावर ठेवला होता.

म्हातारा उठला नाही. “या घरात आणखी काय काय बदललंय?” त्याने विचारलं. “जे मला सांगितलेलं नाही.”

सुनेने एकदा नणंदेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. परक्या बाईसमोर हे बोलावं लागतंय, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मी निघायला हवं होतं, पण दारात लेक बॅग घेऊन उभी होती.

“पडदे बदलले,” ती म्हणाली. “जुने फाटले होते. तुमच्या गोळ्यांतली एक डॉक्टरांनी बंद केली, तिच्या जागी मी साधी ताकदीची देते, कारण संख्या कमी झाली की तुम्ही विचारता. खालचा चष्मेवाला गेला, आता त्याचा पुतण्या बसतो. तुम्ही त्याला जुन्या नावाने हाक मारता, मी त्याला ओ द्यायला सांगून ठेवलंय.”

“आणखी?”

तिचा हात दाराच्या चौकटीवर गेला.

“यांचे कपडे,” ती म्हणाली. “कपाटातले. मी देऊन टाकले. सगळे.”

लेकीच्या तोंडून बारीकसा आवाज आला. भावाचे कपडे. तिलाही हे माहीत नव्हतं. तिने म्हाताऱ्याकडे पाहिलं, मीही पाहिलं. आता हा मोडून पडणार, अशी माझी खात्री झाली.

“ते मला माहीत होतं,” म्हातारा म्हणाला.

सुनेचा चौकटीवरचा हात खाली आला.

“दुपारी तू बाहेर गेलीस की मी ते कपाट उघडून उभा राहायचो. त्याचा वास यायचा. एक दिवस आला नाही. हात आत घातला तर नुसते हँगर वाजले.” त्याने बोटं कळांवरून उचलली आणि परत मांडीवर ठेवली. “तू सांगशील म्हणून वाट बघत होतो.”

“बाबा, तेव्हाच बोलायचं होतंत,” सून म्हणाली.

“मला वाटलं, तुला त्रास होईल.”

सून तिथेच दारात खाली बसली आणि पदराआड वगैरे काही न करता सरळ मोठ्याने रडायला लागली. मला कुणाचं रडणं सोसत नाही, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. लेकीने खांद्यावरची बॅग हळूच जमिनीवर ठेवली.

खाली टॅक्सीने पुन्हा हॉर्न दिला.

“त्याला जा म्हणावं,” म्हातारा लेकीला म्हणाला. मग रडण्याचा आवाज येत होता त्या दिशेने त्याने हात पुढे केला. “इकडे ये. खाली नको बसूस, फरशी गार आहे. आणखी काय राहिलंय, ते सांग.”